रेणूपाशी थांबलेलं गणित

३ जानेवारी १९९८, शनिवार

खालून शांताक्कांची हाक, "अगं फोन तुझा, ये लवकर." कणीक हाताला तशीच घेऊन धावले. घरमालकिणीच्या फोनवर आपला फोन येणं म्हणजे आपलं बोलणं त्यांनी शेजारी उभं राहून ऐकणं. ते भाड्यातच धरलेलं आहे.

कॉलेजचा फोन. डिसेंबरात अर्ज टाकला होता, तो विसरूनही गेले होते. (खोटं. रोज आठवत होता.) त्यांच्या केमिस्ट्रीच्या बाई नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघाल्या, वर्षाच्या मधेच जागा रिकामी. २२ तारखेला अकरा वाजता डेमो. वीस मिनिटं, इंग्रजीत, फर्स्ट पी.यू.च्या (म्हणजे इथली अकरावी) खऱ्या वर्गापुढे. विषय त्यांनीच दिला: संयुगाचे मोल दिले तर त्यात अणू किती, ते काढायला शिकवा.

फोन ठेवल्याबरोबर शां.: "माहेरचा काय?" म्हटलं, नोकरीचा. शिकवायची. "टीचर तू? पाच वर्षं झाली वर राहतीस, एकदा बोलली नाहीस की." खरंच बोलले नव्हते. काय सांगायचं, की नागपूरला एके काळी होते? "सरी, बरं. आजपासून टीचरम्मा म्हणते बघ."

विषय ऐकून हसूच आलं. नागपूरला दरवर्षी अकरावीला जुलैत हेच. झोपेत विचारलं तरी सांगेन. तरी संध्याकाळी जुनी वही काढून बघितलीच.

४ जाने., रविवार

सुधीरशी बोलले. वाईट काही बोलला नाही. नागपूरच्याच सुरात, "अंजू, तू काऊन मागं मागं जाऊन राहिली? केमिस्ट्रीले आता कोण विचारते? इथं कुठंही दगड फेक, कॉम्प्युटरवाल्यालेच लागते." जे. पी. नगरच्या कॉम्प्युटर क्लासची सगळी माहिती काढून आणलीय. २ फेब्रुवारीला नवी बॅच. कोर्स झाला की त्याच्या ऑफिसात टेस्टिंगला कुणालातरी सांगता येईल म्हणतो. रेवा आता पूर्ण वेळ शाळेत जाते, दिवस रिकामा आहे, सगळं बरोबर आहे. चुकीचं बोलत नाहीये म्हणूनच जास्त लागलं.

मीच म्हटलं, हा एक डेमो देते. घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर २ तारखेला तुझ्या क्लासला बसते आणि पुन्हा या घरात केमिस्ट्रीचं नाव काढत नाही. तो लगेच म्हणाला, "ठरलं." जरा थांबून म्हणायला काय झालं होतं?

म्हणजे हे शेवटचं. तोंड वर करून बोलले मी, आता निस्तरायचंही मीच.

६ जाने., मंगळ.

भाजी निवडताना देशकर सर आठवत राहिले. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, नागपूरचा तो चिकचिकीत जुलै, वर पंखा नुसता नावाला. सरांनी तराजूत मीठ तोललं आणि आम्हा एकेकाला पुढे बोलावून तळहातावर ओतलं. साडेअठ्ठावन्न ग्रॅम. "हा एक मोल, रावसाहेब. मूठ मिटा." मुलींनाही रावसाहेबच म्हणायचे. मग फळ्यावर तो आकडा लिहिला, ६.०२२ × १०²³. "तुमच्या मुठीत सोडियम आणि क्लोरीनची एवढी जोडपी आहेत. डझन म्हणजे बारा तसा मोल म्हणजे एवढे. फक्त हे डझन जरा राक्षसाघरचं आहे. आता सांगा, मुठीत अणू किती?"

सगळ्यांनी एका सुरात तोच आकडा ओरडून सांगितला. सर डोळे मिटून उभे राहिले. त्यांना दुखलं की ते डोळे मिटायचे. "रावसाहेब, जोडप्यात माणसं किती?" दोन. "मग दुप्पट करा की. लग्नाला शंभर जोडपी आली तर पानं शंभर वाढता?"

तेवढ्या सगळ्या वेळात घामाने माझं मीठ मुठीत विरघळायला लागलेलं. तास संपल्यावर बोटं चाटली तर सर केवढे ओरडले. प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालायचं नाही. दिवसभर ती चव जिभेवर होती आणि मी स्वतःवर खूश होते. त्या दिवशी ठरवलं मी हेच शिकवणार. अठराव्या वर्षी माणूस असल्या गोष्टींवरून आयुष्य ठरवतो.

सर गेले त्याला दोन वर्षं झाली. आज त्यांना एक फोन करावासा वाटला. फार वाटला.

८ जाने., गुरु.

उरकलं की आरशासमोर उभी राहून इंग्रजीत बोलून बघते. नागपूरला पुस्तक इंग्रजीत आणि समजावणं मराठीत असं होतं. "अरे थांबलास कुठे? अजून घर आलं नाही तुझं," असं म्हटलं की वर्ग हसायचा आणि गणित पुढे सरकायचं. इंग्रजीत माझ्याजवळ फक्त व्याख्या आहेत. इंग्रजीत बोलताना मी मलाच आवडत नाही. खडूस बाई वाटते.

संत्र्यांच्या पेटीचं उदाहरण हमखास चालायचं. पेटीत डझन किती, डझनात संत्री किती, संत्र्यात फोडी किती. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, बाई, बियांचं काय? इथे संत्र्यांची पेटी कुणी पाहिलीय? केळी घ्यावीत तर केळीला आत काही नाही. सोललं की संपलं.

११ जाने., रवि.

रंगीत तालीम. प्रेक्षक दोन, सु. आणि शां. फळा म्हणून रेवाची पाटी.

मी: मोल दिले आहेत. मोलला त्या मोठ्या आकड्याने गुणा, रेणू मिळतील. एका रेणूत अणू किती ते सूत्रावरून बघा. त्याने पुन्हा गुणा. अणू मिळतील. कॅल्शियम हायड्रॉक्साइड घेतलं, Ca(OH)₂, आपला चुना. एक कॅल्शियम, आणि कंसात ऑक्सिजन-हायड्रोजन, कंसाबाहेर दोन, म्हणजे आतले दोघेही दोनदा. एकूण पाच. एका अक्षराची चूक नाही. चौदा मिनिटांत आटोपलं.

सु. म्हणाला, छान, फक्त जरा कोरडं. त्याचं लक्ष सारखं टीव्हीकडे. शां. नी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "चांगलं बोलतीस. सगळं सरळ बोलतीस. पण मला जायचं कुठं ते कळलंच नाही बघ. बसमध्ये बसवलंस आणि पाटी वाचू दिली नाहीस."

राग आला. चौदा मिनिटं बिनचूक बोलले आणि पाटी म्हणे. रात्रीची भांडी जरा आपटूनच घासली.

१४ जाने., बुध. संक्रांत

शां. सकाळीच ताट घेऊन वर. येळ्ळु-बेल्ल, म्हणजे पांढरे तीळ, गूळ, खोबरं, दाणे, डाळं असं बारीक चिरून एकत्र, लाडू न वळता तसंच. वर साखरेचा पोपट आणि उसाचं कांडं. "तीळ-बेल्ल खा, गोड गोड बोल." मी आमचा तिळगूळ दिला. त्यांच्या चार पिढ्या या गावात गेल्या तरी घरात अजून मराठीच बोलतात, फक्त ताटातलं कानडी झालं.

नागपूरची संक्रांत आठवली. गच्चीवर थंडी, बोटांना मांज्याने कापलेलं, आई खालून ओरडतेय. इथे आकाशात एकही पतंग नाही. एवढं निळं आकाश नुसतंच पडून. दुपारभर उदास होते, आणि त्यात उदास व्हायला बरंही वाटत होतं.

शां. म्हणाल्या, रविवारी खालच्या हॉलमध्ये दोघींचं मिळून हळदीकुंकू करू. चाळीस बायका तरी येतील. सामान मी आणते म्हटलं. जरा डोक्याला दुसरं काम.

१६ जाने., शुक्र.

चौथ्या ब्लॉकच्या बाजारात तासभर. शांताक्कांच्या घरची रीत अशी: येळ्ळु-बेल्ल हातावर द्यायचं ते वेगळं, पण प्रत्येकीला एक कागदी पिशवी. पिशवीत एक साखरेचं चित्र आणि दोन पुड्या. पुडीत हळदीचं एक पाकीट, कुंकवाचं एक. "एकटी पुडी देत नाही आमच्यात. एक तिच्या कपाळाला, एक तिच्या घरच्या देवाला." छान आहे. आमच्याकडे वाण म्हणून प्लास्टिकची गाळणी देतात, त्यापेक्षा कितीतरी बरं.

साखरेचे हत्ती, होड्याही होत्या, मी पोपटच घेतले. पिशव्या. हळद, कुंकू. सगळं घेतलं आणि रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये हुज्जतही घातली. तो "स्वल्प जास्ती कोडी अम्मा," म्हणजे थोडे वरचे द्या, मी नाही. जिंकले.

डेमोला सहा दिवस. तालीम रोज. दिवसेंदिवस जास्त बिनचूक आणि जास्त कोरडी.

१८ जाने., रवि.

काय झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी हॉलमध्ये आम्ही दोघी पिशव्या भरायला बसलो. मी पुड्या बांधतेय, शां. पिशवीत टाकतायत. अर्ध्या पिशव्या झाल्या आणि माझ्यासमोरची हळद संपली. कुंकूही संपलं. उरलेल्या पिशव्यांत नुसते पोपट. वाटलं, दुकानदाराने कमी घातली. रिक्षात पडली. पाकिटांची रिकामी माळ उलटसुलट करून बघितली. आणि मग एकदम कळलं.

चाळीस बायका म्हणून मी चाळीस पोपट आणले, चाळीस पिशव्या, चाळीस हळद, चाळीस कुंकू. एका पिशवीत पुड्या दोन. दोन्हींची ऐंशी-ऐंशी हवी होती.

कंसाबाहेरचा दोन मी विसरले. मी! एक पोपट, आणि कंसात हळद-कुंकू, कंसाबाहेर दोन. ही चुन्याचीच पिशवी आहे. Ca(OH)₂. आठवडाभर हेच आरशाला शिकवतेय आणि बाजारात जाऊन पिशव्यांपाशी थांबले, आत बघितलंच नाही.

मला हसायला यायला लागलं ते थांबेना. शां. घाबरल्या. "काय झालं गं? परवागिल्ला, असू दे, हळद काय, घरात आहे." उठून देवघरातून करंडा आणला, हळदीचा डबा आणला, आणि जुन्या वहीच्या कागदात चिमटी-चिमटी बांधायला बसल्या. मीही बसले. बायका यायला लागल्या तरी आमच्या पुड्या चालूच, हात पिवळे-लाल. मध्येच त्यांना सांगून टाकलं की मी डेमोत जे शिकवणार तेच चुकले. त्या म्हणाल्या, "मग हेच सांग की त्यांना." आणि दारात कुणी आलं म्हणून उठून गेल्या.

कार्यक्रम छान झाला. कुणालाही कमी पडलं नाही.

१९ जाने., सोम.

डोक्यातून जात नाहीये. मी चुकले कशी? गुणाकार येत नाही म्हणून नव्हे. बाजारात उभी असताना डोळ्यांसमोर बायका होत्या. चाळीस चेहरे, चाळीस हात पुढे आलेले. एक बाई, एक पिशवी. तेवढं दिसलं आणि मन म्हणालं, झालं. पोचलो. पोचलो वाटलं की पुढे कोण कशाला चालेल?

मुलंही तशीच थांबत असणार. मोल हातात असतात, त्या राक्षसी आकड्याने गुणलं की फळ्यावर २३ शून्यांचं काहीतरी येतं. एवढं मोठं उत्तर आल्यावर कुणाला वाटेल की अजून अर्धी वाट बाकी आहे? नागपूरला असे पेपर समोर आले की मला वाटायचं, आळशी आहेत. आळशी नसतील. त्यांना वाटत असेल घर आलं.

जुनी चौदा मिनिटं बाद. चुकीपासून सुरुवात करायची. पिशवी घेऊन जायची. शां. कडे मागितली तर म्हणाल्या, दोन ने, एक फाटली तर.

सु. ला सांगितलं तर बराच वेळ हसला. मग म्हणाला, "हे मस्त आहे यार. त्या दिवशीचं नव्हतं." टीव्ही बंद होता.

२१ जाने., बुध.

साडी ठरली, निळी. खडू कॉलेजात असेलच. आवाज बसल्यासारखा वाटतोय, नसावा. सु. ने रेवाला शाळेत सोडायचं कबूल केलंय. क्लासचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

जमेल का? पाच वर्षांत मी रेवाशिवाय कुणाला काही शिकवलेलं नाही. मला ती जागा हवी आहे. एवढी हवी आहे हे आज इथे लिहिताना कळतंय. नोकरी म्हणून नाही. कुणीतरी "बाई, थांबा, पुन्हा सांगा" म्हणावं म्हणून.

२२ जाने., गुरु.

झालं. चांगलं की वाईट, सांगता येत नाही.

वर्ग मोठा, साठ-सत्तर मुलं. मागच्या बाकावर प्रिन्सिपॉल आणि शेजारी केमिस्ट्रीचे जुने प्रोफेसर, जाड भिंगांचा चष्मा, हातातलं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलेलं. खडू हातात घेतला आणि बोटांना ती भुकटी लागली. डोळ्यांत पाणी आलं, शपथ. फळ्याकडे वळून तारीख लिहायचं नाटक केलं.

पिशवी वर धरली. इंग्रजीत सांगितलं, रविवारी माझ्या घरी चाळीस बायका येणार होत्या, अशा चाळीस पिशव्या भरायच्या होत्या, मी हळदीची चाळीस पाकिटं आणली. मग पिशवी टेबलावर ओतली. एक पोपट, दोन पुड्या. एक पुडी उघडून दाखवली. मग पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची एक मुलगी हसली आणि तोंडावर हात घेतला. "मिस, पुरली नसेल." तिच्या मागून सगळा वर्ग. मी विचारलं, मी कुठे थांबले? कुणी म्हणालं पिशवीवर. कुणी म्हणालं, तुम्ही पुडी उघडलीच नाही.

मग पिशवीखाली Ca(OH)₂ लिहिलं. पोपट म्हणजे कॅल्शियम. कंस म्हणजे पुडी. काहीही समजवावं लागलं नाही. मधेच एकाला चुकताना पकडलं आणि तोंडातून चक्क मराठीत गेलं, "अरे थांबलास कुठे?" वर्गाला शब्द कळले नाहीत, पण तो मुलगा ओशाळून पुढे सरकला. हे मी पाच वर्षांत विसरले होते, वर्ग असा हलतो ते.

मग गणित. अर्धा मोल चुना, त्यात अणू किती? अर्ध्याला त्या आकड्याने गुणलं. फळ्यावर लिहिलं, ३.०११ × १०²³. आणि बेल झाली. वीस मिनिटं संपली होती. पिशवीतच सगळी गेली.

गणित फळ्यावर रेणूंपाशी थांबलेलं. पाचाने गुणायचं राहिलं ते राहिलंच.

नंतर केबिनमध्ये प्रोफेसर म्हणाले, तुम्ही गणित पूर्ण केलं नाहीत. मी म्हटलं, नाही सर. ते म्हणाले, बरोबर उत्तरापेक्षा चुकीच्या उत्तराला जास्त वेळ दिलात, तो का? मी म्हटलं, मुलं तिथेच थांबतात, सर. रविवारी मीही तिथेच थांबले. त्यांनी डोळे मिटले. एक क्षण वाटलं देशकर सरच. पण हे दुखलं म्हणून मिटले की कंटाळून, ते कळायला मार्ग नाही. प्रिन्सिपॉल म्हणाले, कळवू.

बसमधून उतरून घरापर्यंत चालताना सारखं वाटत होतं, परत जाऊन ते पाचाने गुणून यावं.

२३ जाने., शुक्र.

शां. दारातच: "काय म्हणाले?" कळवू म्हणाले. "कळवू म्हणजे?" म्हणजे कळवू. त्या फोनजवळ खुर्ची ओढून बसल्या.

२६ जाने., सोम.

सुट्टी. फोन नाही, असणार कसा.

सु. ने हळूच विचारलं, "गणित काऊन नाही संपवलं तू? एक मिनिटाचं तर होतं." एक मिनिटाचंच होतं. पंधराव्या मिनिटाला पिशवी आवरून ठेवली असती तर पुरून उरलं असतं. पण तेव्हा मुलं बोलत होती आणि मला ती थांबवायची नव्हती. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग गेलं असेल तरी तुझ्याच मर्जीनं गेलं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाठीवर हात ठेवला आणि चहा टाकायला गेला. या माणसावर रागावताही येत नाही.

२८ जाने., बुध.

नाही. दुपारी एक राँग नंबर आला तर शां. नी त्या माणसाला कन्नडमध्ये झापलं. लाईन अडवून ठेवतो म्हणून.

नागपूरची लॅब आठवतेय. खिडकीबाहेरचं कडुनिंब, वायूच्या उपकरणाचा सडक्या अंड्यांचा वास साडीत भरायचा, घरी आलं की आई दारातच नाक दाबायची. त्या वासाची आठवण येऊन कासावीस होणारी मी एकटीच असेन. कुणी म्हणेल वेड लागलंय. लागू दे.

३० जाने., शुक्र.

आठवडा उलटून गेला. त्यांनी दुसरं कुणी घेतलं असेल तर नाही म्हणून सांगायची काय चोरी आहे? सु. म्हणाला, सोमवारी बॅच आहे, उद्या रात्रीपर्यंत सांग, मी नाव नोंदवून टाकतो. म्हणाला ते खाली बघून. मी म्हटलं, सांगते. ठरल्याप्रमाणेच तर आहे. मीच ठरवलं होतं.

३१ जाने., शनि.

संध्याकाळी चौथ्या ब्लॉकमध्ये भाजी घेत होते. मागून "मिस! मिस!" वळून बघितलं तर ती पहिल्या बाकावरची, दोन वेण्या, बरोबर मैत्रीण. मी ओळखायच्या आतच सुरू. "मिस, तुमचं ते गणित आम्ही त्याच दिवशी संपवलं. पाचाने गुणलं. १.५ × १०²⁴, बरोबर ना?" बरोबर. "पण मिस, हे बघा ना." दप्तर उघडून भाजीवाल्याच्या फळकुटावरच वही. अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, Al₂(SO₄)₃. एका रेणूत अणू किती? तिचं उत्तर पंधरा. मैत्रिणीचं सतरा. दोघी तासभर भांडतायत म्हणे.

मी टोमॅटोची पिशवी खाली ठेवली. विचारलं, कंसाबाहेरचा तीन कुणाला लागतो? ती म्हणाली, ऑक्सिजनला, चार त्रिक बारा. फक्त ऑक्सिजनला? मधला सल्फर काय पुडीच्या बाहेर बसलाय? ती वहीकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर ते येताना मला दिसलं, कपाळापासून खाली. "अय्यो. सल्फर पण तीनदा. सतरा." मैत्रिणीने तिच्या पाठीत धपाटा घातला. भाजीवाला म्हणाला, "अम्मा, स्वल्प बाजूला, गिऱ्हाईक आहे." आम्ही बाजूला झालो आणि तिथे उभ्याउभ्या अजून दोन संयुगं केली. अंधार पडला होता. रेवाला शां. कडून आणायला उशीर झाला होता. मला काही आठवत नव्हतं.

निघताना ती म्हणाली, "मिस, त्या दिवसापासून आमचा तास रिकामाच जातोय. सोमवारी तुम्हीच घेणार ना? ऑक्सिडेशन राहिलंय आमचं."

मी म्हटलं, हो.

कसं गेलं तोंडातून माहीत नाही. दोघी उड्या मारत बस पकडायला पळाल्या.

घरी आले. फोन आला का, हे मी विचारायच्या आधीच शां. नी मान हलवली. नाही. सु. ला क्लासचं उत्तर आज रात्रीपर्यंत हवंय. त्याला अजून सांगायचं आहे, आजच सांगायचं आहे. तो बाहेरच्या खोलीत रेवाला गोष्ट सांगतोय, संपली की येईल. तोवर मी ऑक्सिडेशन काढून बसले आहे. सुरुवात लोखंड गंजण्यापासून करावी की कापलेल्या सफरचंदापासून, ते ठरत नाहीये.